कोम्बिनीत काय घ्यावं, काय ठेवून द्यावं

ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या त्रिकोणी मुदीच्या, वेष्टनावर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात, आणि पहिल्यांदा जपानला गेलेला माणूस हमखास ते न बघता खालून प्लास्टिक फाडतो. मग नोरीचा, म्हणजे त्या समुद्रशेवाळाच्या काळ्या कागदाचा, अर्धा तुकडा प्लास्टिकातच राहतो, भात बोटांना चिकटतो आणि पुढची पाच मिनिटं हात पुसण्यात जातात. रीत सोपी आहे. त्रिकोणाचं टोक वर धरायचं. १ लिहिलेली पट्टी टोकापासून खाली ओढायची, तशीच मागून फिरवून पूर्ण काढून टाकायची. वेष्टनाचे उभे दोन भाग होतात. एका हाताने त्रिकोण हलकेच धरून २ लिहिलेला कोपरा बाजूला सावकाश ओढायचा, मग दुसऱ्या बाजूचा ३. झटका द्यायचा नाही. नोरी प्लास्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये ठेवलेली असते. कोपरे ओढले की आतला थर सरकून बाहेर येतो आणि नोरी तेव्हा कुठे भाताला टेकते. म्हणून पहिल्या घासाला ती पापडासारखी मोडते. उघडून दहा मिनिटं ठेवलीत तर चामट होते आणि दाताने ओढून तोडावी लागते.

एवढ्याशा भाताच्या मुदीसाठी एवढी करामत करणारं दुकान म्हणजे कोम्बिनी. जपानी लोक ‘कन्व्हिनियन्स स्टोअर’चं आखडून असं करतात. सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट आणि लॉसन या तीन मोठ्या साखळ्या. सेव्हन-इलेव्हनचं जपानमधलं पहिलं दुकान १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात उघडलं. आज देशभरात सगळ्या साखळ्यांची मिळून ५० हजारांहून जास्त दुकानं आहेत आणि बहुतेक चोवीस तास उघडी असतात. लॉसनच्या पाटीवर दुधाची बरणी का, असा प्रश्न पडतो. नावाचं मूळ अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका दूधवाल्याच्या दुकानात आहे. आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या पत्रकात कोम्बिनीचा उल्लेख फार तर पाण्याची बाटली घेण्यापुरता येतो. हा तिच्यावर अन्याय आहे. तिथे नीट जेवता येतं, पण कोणत्या कप्प्यात हात घालायचा हे कळायला हवं.

पहिला मान भाताला. ओनिगिरीचा कप्पा उघडा असतो आणि साधारण २० अंशांवर ठेवलेला असतो. दूध-सॅलडच्या कप्प्याइतका तो थंड नसतो आणि त्याला कारण आहे. शिजलेल्या भातातला स्टार्च थंडीत, विशेषतः ० ते ५ अंशांमध्ये, पुन्हा घट्ट बांधला जातो आणि शीत टणक होतं. आपल्याकडे रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी मोकळा, कडक होतो आणि फोडणीच्या भाताला छान लागतो, तोच हा प्रकार. ओनिगिरीला मात्र तो मारक. त्यामुळे संध्याकाळी चार ओनिगिरी घेऊन हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि सकाळी सहलीला न्यायच्या, हा बेत करू नका. सकाळी हातात येईल तो करकरीत, कोरडा, बेचव गोळा. ठेवल्याच असतील तर वेष्टन काढून मायक्रोवेव्हमध्ये २० सेकंद फिरवा; भात सावरतो, नोरी गेली ती गेलीच. खरा उपाय म्हणजे लागेल तेव्हा ताजी घ्या. दुकानात माल दिवसातून दोन-तीनदा येतो. वेष्टनावर तारखेबरोबर तासही छापलेला असतो आणि तो तास उलटला की बिलाचं यंत्र ती वस्तू स्वीकारतच नाही.

किंमत साधारण १५० ते २२० येन. येन म्हणजे ढोबळमानाने पन्नास-साठ पैसे, तेव्हा शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास एक मूद. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठ्या माणसाला दोन लागतात. मासे खाणाऱ्यांनी सुरुवात साके, म्हणजे खारवून भाजलेल्या साल्मनपासून करावी. मेन्ताइको ही मिरची लावून मुरवलेली माशाची गाबोळी. जिभेला तिखट हवंच असेल तर हीच, मात्र आपल्या मानाने तिखटपणा सौम्य. ट्यूना-मेयोनेज परदेशी पाहुण्यांना फार आवडते. ती वाईट नाही, पण भाताला मेयोनेज लावून खाण्यासाठी एवढ्या लांब यावं असं काही तिच्यात नाही. उमेबोशी मात्र कुणाही मराठी माणसाला ओळखीची वाटेल. आंबट फळ मिठात मुरवलेलं, कडक खारट, कडक आंबट, तेल-मसाला काही नाही: उपासाच्या लिंबाच्या लोणच्याचा जपानी भाऊच. भाताच्या बरोबर मध्ये एक गोळी, बस.

इथे शाकाहारी मंडळींनी कान टवकारावेत. उमेबोशीत मासा नसतो, पण कोम्बिनीच्या उमे-ओनिगिरीत असू शकतो. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओपासून होते. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा. उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि त्याचा कीस पाण्यात घालून अर्क काढतात. कोकणात वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात मूठभर सोडे पडतात आणि सगळ्या रश्श्याला चव देतात, तसं. फरक एवढाच की सोडे दिसतात, दाशी दिसत नाही. कोम्बूच्या म्हणजे शेवाळाच्या सारणात ती असते, इनारीची गोडसर तोफूची पिशवी तिच्यातच शिजवलेली असते, थंड सोबाच्या म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या बुडवणीत असते, सॅलडच्या काही ड्रेसिंगमध्ये असते, नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनसोबतच्या चिमुकल्या सॉसच्या पुडीत असते. हिवाळ्यात काउंटरवर ओदेनचं, म्हणजे दाशीत शिजत ठेवलेल्या तुकड्यांचं, भांडं वाफाळत असतं. त्यातला मुळा मऊसूत शिजलेला, बघूनच घ्यावासा वाटतो. तो माशाच्या पाण्यातच शिजतो. नुसता मुळा उचलल्याने तो शाकाहारी होत नाही.

आता एक फसवणारी गोष्ट. पाकिटाच्या मागे अॅलर्जीच्या घटकांची चौकट असते. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ती वाचायची आणि ‘मासा दिसत नाही’ म्हणून घ्यायचं, असं पुष्कळ जण करतात. ती चौकट शाकाहारासाठी बनवलेलीच नाही. त्यात जाहीर करणं सक्तीचं आहे ते अंडं, दूध, गहू, सोबा, भुईमूग, कोळंबी, खेकडा, अक्रोड अशा घटकांचं. गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, जिलेटिन, साल्मन, साबा (बांगड्याच्या नात्यातला मासा) हे शिफारशीच्या यादीत आहेत, म्हणजे बहुतेक कंपन्या लिहितात. कात्सुओ दोन्ही याद्यांत नाही. त्यामुळे चौकट सोडून वरचा बारीक अक्षरातला पूर्ण घटकांचा परिच्छेद वाचायचा, आणि त्यात भाषांतराने ‘बोनिटो’, ‘फिश एक्स्ट्रॅक्ट’, ‘दाशी’, ‘पोर्क एक्स्ट्रॅक्ट’, ‘लार्ड’ (डुकराची चरबी) यापैकी काही दाखवलं तर पाकीट परत ठेवायचं. एका साखळीचं तेच नाव असलेलं उत्पादन दुसऱ्या साखळीत वेगळं असतं आणि कृतीही वरचेवर बदलतात. म्हणून इंटरनेटवरची ‘शाकाहारी कोम्बिनी यादी’ पाठ करून जाण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वीची यादी शिळीच समजा.

ओनिगिरीत सगळ्यात सुरक्षित म्हणजे शिओ-मुसुबी: तांदूळ आणि मीठ, बहुधा नोरीसुद्धा नाही. तिच्यावरही एकदा कॅमेरा फिरवा. चव? चांगल्या तांदळाची आणि मिठाची. ज्याला गरम भात, तूप, मीठ एवढ्यावर जेवण झाल्यासारखं वाटतं, त्याला ती पुरेशी आहे.

पोट भरायचंच असेल तर त्याहून चांगला बेत आहे. पॅकबंद शिजलेला भात कोरड्या मालाच्या शेल्फवर असतो, बहुतेक २०० ग्रॅमच्या चौकोनी डब्यात. झाकण खुणेपर्यंत थोडं उघडून ५०० वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. हा भात गरम असतानाच मोडून घ्यायचा, कारण जपानी तांदूळ चिकट असतो. गार झाल्यावर चमचा घातलात तर ढेकळं निघतात. दोन-तीन चमचे दूध किंवा गरम पाणी घालून सैल करा. शेजारच्या थंड कप्प्यातून ४०० ग्रॅमचं साधं दही घ्या. मेइजीचं ‘बल्गेरिया’ दही बऱ्याच दुकानांत असतं आणि त्याच्या साध्या प्रकारात दुधाखेरीज काही नसतं. गोड, फळांच्या, छोट्या कपातल्या दह्यात मात्र जिलेटिन असू शकतं. निम्मं दही, चवीला मीठ, घरून आणलेलं मेतकूट दोन चमचे. हा दहीभात क्योतोच्या हॉटेलात रात्री दहा वाजता तीनशे-चारशे येनमध्ये होतो. दही आंबट कमी आणि घट्ट जास्त असतं, त्यामुळे लोणच्याची फोड असेल तर उत्तमच. साधा रेशमी तोफूही घ्यायला हरकत नाही. सोबतची सॉसची पुडी बाजूला ठेवा आणि नुसता सोया सॉस घाला. बाकी केळी, खारे दाणे-बदाम, एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा हे मदतीला आहेतच, आणि हिवाळ्यात काही दुकानांत काउंटरवर भाजलेली रताळी मिळतात. एकादशी मोडायची गरज नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी याच भाताला जोड म्हणजे ‘साबा नो शिओयाकी’: मीठ लावून भाजलेला साबा, हवाबंद पाकिटात, थंड कप्प्यात. साबा म्हणजे बांगड्याचा जवळचा नातलग, पण चरबी भरपूर. पाकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, एक ५०० वॉटसाठी आणि एक १५०० वॉटसाठी. दुकानातला मायक्रोवेव्ह जोरदार, हॉटेलातला निम्म्याहून कमी. दुकानातली वेळ हॉटेलात लावली तर मासा आत गार राहतो, आणि उलट केलं तर कडेचे तुकडे फटाफट उडतात. गरम भात, हा मासा, वर लिंबू. रेस्टॉरंटमध्ये याच थाळीला दुप्पट-तिप्पट मोजाल आणि मासा थोडासाच बरा मिळेल.

गरम बेंतोचे डबे मला मधल्या दर्जाचे वाटतात. भात चांगला, पण तळलेल्या कटलेटाचं आवरण मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतं, आणि दोन पानांचं सॅलड डब्यात असेल तर तेही भाताबरोबर गरम होऊन बसतं. काउंटरवरच्या काचेच्या पेटीतलं तळण तर वेळेवर अवलंबून आहे. दुपारी बाराच्या किंवा संध्याकाळी ऑफिस सुटण्याच्या सुमाराला माल भराभर संपतो, नवा तळला जातो; तेव्हा फॅमिलीमार्टची ‘फामिचिकी’ किंवा लॉसनची ‘काराआगे-कुन’ ही तळलेली कोंबडी रसरशीत मिळते. दुपारी तीनला तेच तुकडे दिव्याखाली घाम गाळत पडलेले असतात. बटाट्याचं कोरोक्के बघून शाकाहाऱ्यांना बटाटावड्याची आठवण येईल. आत बहुधा खिमा असतो आणि तळणाचं तेलही एकच. वाफेच्या पेटीतले पांढरे बन म्हणजे निकुमान, आत डुकराचं मांस. त्यातला गोड, आन्मान, नावाने निरुपद्रवी. पण त्यातही लार्ड असू शकतं.

आन म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण, आणि इथे पुरणाच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. दोन जाती ओळखून ठेवा: कोशिआन म्हणजे पुरणयंत्रातून काढल्यासारखं गुळगुळीत, त्सुबुआन म्हणजे दाणे अर्धवट घोटलेले. वेलची-जायफळ नाही, तूप नाही, गोडी आपल्यापेक्षा एक पायरी खाली. आनपान हा त्याचा पाव; पावात अंडं-दूध असतं. दाइफुकुत आत आन आणि वर मोचीची पारी असते, उकडीच्या मोदकाच्या पारीसारखी दिसते, पण चिकट तांदळाची असल्याने तुटण्याऐवजी लांबते. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तिचे छोटे तुकडे करूनच द्या. मोची घशात अडकण्याचे प्रकार जपानमध्येही होतात. दाइफुकु बहुधा पूर्ण शाकाहारी निघतो, वाचून घ्यावा.

अंड्याचं सँडविच, तामागो-सांदो, याच्याबद्दल परदेशी लोक जरा जास्तच बोलतात, पण वस्तू खरोखर चांगली आहे. कडा काढलेला, गोडसर, मऊ दुधाळ पाव आणि उकडलेलं अंडं कुस्करून मेयोनेजमध्ये कालवलेलं. जपानी क्यूपी मेयोनेज अंड्याच्या फक्त पिवळ्या बलकाचं असतं, त्यामुळे चव भरीव येते. मिरपूड हवी असेल तर स्वतःची. हे सँडविच घेतलं की दोन-तीन तासांत संपवा. दिवसभर बॅगेत घेऊन फिरण्याची वस्तू नाही.

कॉफी उत्तम आणि स्वस्त. सेव्हन-इलेव्हनने २०१३ मध्ये यंत्राची कॉफी देशभर आणली आणि मग सगळ्यांनीच. गरम हवी तर काउंटरवर सांगून पैसे द्या, कागदी पेला मिळेल, यंत्रात ठेवून बटण दाबा. थंड हवी तर आधी फ्रीजरमधून बर्फाने भरलेला पेला स्वतः उचलून आणायचा, पैसे द्यायचे, वरचं पातळ झाकण सोलायचं, बर्फ एकसंध गोठला असेल तर पेला बाहेरून दाबून मोकळा करायचा, मगच यंत्रात. दाणे त्या क्षणी दळले जातात. छोटा पेला दीडशे येनच्या आत-बाहेर. थंड कॉफीसाठी साखर पाकाच्या रूपात छोट्या कुपीत ठेवलेली असते, कारण दाणेदार साखर त्यात विरघळत नाही. दूध म्हणून ज्या कुप्या असतात ते दूध नव्हे, वनस्पती तेलाची मलई. खरं दूध हवं असेल तर लाते घ्या. चहाच्या माणसांची निराशा ठरलेली आहे.

बिलाच्या वेळी तीन प्रश्न येतात, वेगाने. ‘आतातामेमासु का?’ म्हणजे गरम करून देऊ का. हवं असेल तर ‘हाय, ओनेगाइशिमासु’. ‘फुकुरो’ ऐकू आलं की पिशवीबद्दल विचारताहेत. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, तीन-पाच येन. ‘हाशी’ म्हणजे जेवायच्या काड्या. नको असेल ते सगळं ‘दाइजोबु देस’ म्हणून परतवता येतं. मग बऱ्याच ठिकाणी कर्मचारी फक्त वस्तू मोजतो आणि पैसे तुम्हीच समोरच्या पडद्यावर पद्धत निवडून यंत्रात टाकायचे. गोंधळून नोट हातात द्यायला जाऊ नका. सुइका, पास्मो, इकोका असं रेल्वेचं कार्ड टेकवणं सगळ्यात झटपट. शेल्फवर दोन किमती असतात, मोठ्या अक्षरातली करापूर्वीची. खाद्यपदार्थ बाहेर नेले तर ८ टक्के कर, तिथल्याच बाकावर बसून खाल्ले तर १० टक्के. फरक दोन-चार येनचा, पण बसणार असाल तर सांगण्याची पद्धत आहे. बसायची सोय सगळीकडे नसते.

रोख येन संपले तर सेव्हन-इलेव्हनमधल्या सेव्हन बँकेच्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालतात आणि पडदा इंग्रजीत येतो.

शिन्कान्सेनने म्हणजे बुलेट ट्रेनने जाणार असाल तर फलाटावर जाण्याआधीच खरेदी उरका. टोकियो ते ओसाका या तोकाइदो मार्गावर डब्यात ढकलगाडी फिरवून विक्री ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली आहे. शिन्कान्सेनमध्ये खाणं चालतं, शहरातल्या लोकलमध्ये बरं दिसत नाही. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर गेलात तर या तिघांना सोडून सेइकोमार्ट शोधा. तिथली स्थानिक साखळी आहे आणि अनेक दुकानांत मागच्या बाजूला खरंखुरं स्वयंपाकघर असतं, ‘हॉट शेफ’ नावाची पाटी बघा. तिथली गरम ओनिगिरी त्याच दुकानात वळलेली असते, आकाराने मोठी, आणि नोरी भाताला चिकटून ओलसर झालेली. ती उघडताना आकडे शोधावे लागत नाहीत.

कचरा मात्र जपून. रस्त्यावर डबे जवळपास नसतातच, आणि कोम्बिनीतले डबे त्यांच्याकडून घेतलेल्या वस्तूंपुरते. बाटली, डबा आणि जळाऊ कचरा यांची तोंडं वेगळी. दहीभाताची वाटी हॉटेलात धुऊनच टाका. उन्हाळ्यात तिथली हवा पुण्यापेक्षा दमट असते आणि खोलीतल्या छोट्या टोपलीत दही दुसऱ्या दिवशीपर्यंत वास मारतं.